असेलमावशी

जगातल्या सगळ्या गोष्टी 'एक होता राजा'ने सुरू होतात. आमच्या मावशीची गोष्ट 'एक असेल शहर'ने सुरू व्हायची. राजा नाही, राणी नाही आणि 'होता' तर मुळीच नाही. पहिल्यांदाच आलेलं पोर हमखास विचारायचं, "असेल म्हणजे? अजून झालं नाही?" मावशी दातांत धरलेला दोरा तोडायची आणि म्हणायची, "झाला नाय म्हणान तर सांगतंय. झाल्यावर सांगून उपेग काय?"

करी रोडच्या आमच्या चाळीत मावश्यांना तोटा नव्हता. पापडमावशी होती, नळावर भांडणारी एक मावशी होती, एक नुसतीच जाडी मावशी होती. त्यामुळे सुलोचनाबाईंना वेगळं नाव पाडणं भागच होतं. तळमजल्यावरच्या सुन्या सावंताने तिला असेलमावशी म्हणायला सुरुवात केली आणि आठवड्याभरात पोस्टमनही तेच म्हणू लागला. तिला राग आला नाही. उलट ती म्हणाली, "बरां झाला. सुलोचना काय, चाळीत तीन असत."

दुसऱ्या मजल्यावर जिन्याला लागून तिची खोली. माहेर देवगडकडचं, नवरा लवकर गेलेला, मुलगा शिकून पुण्याला नोकरीला लागला तो तिथलाच झाला. मावशी पोटासाठी गणवेश शिवायची. लालबागच्या एका दुकानातून कापलेल्या कापडाचे गठ्ठे यायचे, निळे, खाकी, चौकडीचे, आणि तयार शर्ट-स्कर्टांचे गठ्ठे होऊन परत जायचे. दुकानदार मुलांची नावं सांगत नसे, मापं सांगे. चोवीस नंबर इतके, सव्वीस नंबर इतके. मशीनचं पायडल मारता मारता मावशी बडबडायची, "दिसभर सारख्याक सारखा शिवतंय. माजी पोरां खंय, हे नंबर खंय!" संध्याकाळी दिवे लागले की ती मशीनवर खोळ घालायची, आणि ती खोळ पडलेली दिसली की आम्ही गोष्टीला पळायचो.

चाळीतल्या मुलाचा गणवेश तिच्याकडे शिवायला आला तर ती एक चोरटं काम करायची. कॉलरच्या आत, कुणाला दिसणार नाही असा, रंगीत दोऱ्याचा एक टाका घालायची. प्रत्येकाचा रंग निराळा. माझा जांभळा होता, सुन्याचा भडक नारिंगी. शाळेत कवायतीनंतर शर्टांचा ढीग पडला की आम्ही कॉलरी उलटून आपापला शर्ट काढायचो आणि बाकीची मुलं तोंड बघत राहायची. बाईंनी एकदा मला विचारलं, हे काय आहे? मी म्हटलं, खूण आहे. त्या म्हणाल्या, गणवेशाला खूण नसते. मी घरी येऊन हे मावशीला सांगितलं, तर ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

गोष्टीतलं शहर म्हणजे सारखेनगर. मावशी एरवी मालवणी बोलायची, पण गोष्ट मात्र शाळेच्या पुस्तकातल्या भाषेत सांगायची, अगदी जपून, चांगल्या साडीतल्या बाईने चिखलातून चालावं तशी. एक असेल शहर. तिथे सगळी दारं करडी असतील. सोमवारी सगळ्या घरांत दुधी शिजेल आणि मंगळवारीही दुधीच शिजेल. सगळ्यांचे केस एकाच मापाचे असतील. माणसांना नावं नसतील, घराचा नंबर तेच नाव. आणि रोज सकाळी घंटी वाजवत विसरगाडी येईल. कचऱ्याच्या गाडीसारखीच, पण हिच्यात लोकांनी आठवणी टाकायच्या. ओली आठवण वेगळी, सुकी आठवण वेगळी.

सुकी आठवण म्हणजे पाढे, पत्ते, बिलं भरायची तारीख. त्या परत मिळतील. ओली आठवण म्हणजे जी काढली की डोळ्यांत पाणी येतं किंवा एकट्यालाच हसू येतं ती. ती गाडीत गेली की गेली. इथे पोचलं की मावशी थांबायची आणि आम्ही घाबरून एकमेकांचे हात धरायचो. भुतांच्या गोष्टी आम्ही पैशाला पासरी ऐकल्या होत्या, त्यांचं काही वाटत नसे. पण सकाळी खरी कचऱ्याची गाडी आली की मी कितीतरी दिवस गॅलरीत जात नव्हते.

गोष्टीला तिकीट असायचं. तिच्या उंबऱ्यावर उभं राहून, आज दिवसभरात फक्त आपल्यालाच दिसलेलं असं काहीतरी सांगायचं. "तुजा काय ता सांग," ती म्हणायची. दुसऱ्याचं चालत नसे. दोघांनी एकच सांगितलं तर दोघंही परत. सुन्या या तिकिटांचा बादशहा होता. एकदा म्हणाला, "बाबूच्या आजीने आज दात न लावता शिवी दिली, तर ती आशीर्वादासारखी वाटली." एकदा म्हणाला, "आमचे अण्णा घरात कुणी नसताना आरशात बघून सॅल्यूट करतात." मावशी त्याला पुढे बसवायची. मी मात्र रोज जिन्यावरच अडखळायची, आणि कित्येकदा काहीतरी दिसावं म्हणून चाळीला उगाच एक चक्कर मारून यायची. आज कळतं, बघायला मी तिथेच शिकले.

गोष्टीत एक मुलगी असायची. ती रोज बदलायची. ज्या पोराला त्या दिवशी घरी किंवा शाळेत वेगळेपणाबद्दल बोलणी बसली असतील, त्याचा तो वेगळेपणा त्या दिवशीच्या मुलीत यायचा. तोतरी, लंगडी, उगाच हसणारी, पावाबरोबर केळं खाणारी. मी डावखुरी. आमच्या घरी डाव्या हाताने जेवायला बसलं की आई फटका द्यायची आणि शाळेत लिहिताना पट्टी. एका संध्याकाळी मी सुजलेली बोटं घेऊन उंबऱ्यावर उभी राहिले आणि तिकीट म्हणून नुसता हात पुढे केला. मावशीने बघितलं आणि आत घेतलं. मग म्हणाली, एक असेल शहर. तिथे सगळी उजव्या हाताची माणसं असतील, कपड्यांचे डावे खिसे शिवून टाकलेले असतील. तिथे एक डावखुरी मुलगी असेल. गाडीवाले सगळ्यांचे उजवे हात उघडून तपासतील, डाव्या हाताकडे बघायची कुणाला सवयच नसेल. म्हणून ती मुलगी आपली एक ओली आठवण डाव्या मुठीत लपवेल.

मी त्या रात्री डावी मूठ मिटून झोपले. आईचं, बाईंचं, सगळ्या जगाचं मला त्या दिवसापासून तितकंसं भय वाटलं नाही. एवढं कुणी कुणासाठी करतं का? मावशीने मला एक कात्री दिली होती, तिच्याकडचीच जुनी, पण डाव्या हाताला चालावी म्हणून धारवाल्याकडून उलटी धार लावून आणलेली. ती अजून माझ्याकडे आहे.

"मग ती मुलगी सुटते का?" हा आमचा शेवटचा प्रश्न असायचा. मावशी खोळ नीट करत म्हणायची, "अजून ठरूक नाय." आम्ही चिडायचो. सुन्या तर एकदा भांडलाच. म्हणाला, "मावशी, तूच सांगतेस ना गोष्ट, मग तूच ठरव की!" ती म्हणाली, "मी सांगतंय. ठरवतलास तुमी."

पुढे चाळ पाडली. सगळ्यांच्या पाडल्या तशीच. आम्ही भाड्याच्या घरांमध्ये विखुरलो, काही वर्षांनी त्याच जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये परत आलो. आईच्या खोलीच्या बदल्यात मिळालेल्या नवव्या मजल्यावरच्या घरात मी, नवरा आणि आमची ईरा. अकराव्यावर मावशी. एकटीच. मुलाने पुण्याला बोलावलं होतं, पण ती म्हणाली, जागा बदलली तरी पत्ता तोच आहे. सुन्याही आला, म्हणजे आता सुनील सावंत, सोसायटीचे सेक्रेटरी. केस पांढरे, चष्मा, गळ्यात ओळखपत्राची पट्टी.

लिफ्टमधून बाहेर पडून मावशीने पहिल्यांदा तो लांब बोळ बघितला तेव्हा मी बरोबर होते. दोन्ही बाजूंना सारखी दारं, सारख्या पाट्या, सारखी पायपुसणी. मावशी बराच वेळ बघत राहिली. मग माझ्या दंडाला धरून म्हणाली, "गोष्टीत मी दारां करडी सांगितलंय, ही तपकिरी निघाली. तेवढाच चुकला माजा." आम्ही दोघी खूप हसलो. तेव्हा हसू येत होतं.

तिने गणवेशांच्या उरलेल्या तुकड्यांचं तोरण करून दाराला लावलं. निळं, खाकी, चौकडीचं, मधे मधे नारिंगी-जांभळे टाके. आठवड्याने सुन्या आला. बिचारा दारातच चुळबुळत उभा राहिला. म्हणाला, "मावशी, काढावं लागेल गं. कॉमन पॅसेजमध्ये एकसारखं दिसायला पाहिजे, बिल्डरबरोबरच्या करारातच आहे. फ्लॅट विकत घेतलेले लोक ओरडतात. नियम सगळ्यांना सारखे." मावशीने त्याच्याकडे बघितलं, स्टुलावर चढायला निघाली, तर त्यानेच तिला खाली बसवलं आणि स्वतः तोरण काढून दिलं. नीट घडी करून दिलं. वाईट माणूस नाही हो तो. तेच तर माझं रडगाणं आहे, भांडायला समोर वाईट माणूस लागतो.

खाली गेटवरून कुणी येणार असलं की इंटरकॉम वाजायचा. "ग्यारह सौ चार?" मावशी म्हणायची, "नाय, मी सुलोचना." वॉचमन म्हणायचा, "मावशी, फ्लॅट नंबर बोलिए." ती पुन्हा म्हणायची, "सुलोचना. तुजा नाव काय?" मग तो नाव सांगायचा, गाव सांगायचा, आणि पाहुणा तिथेच ताटकळत राहायचा. वॉचमन दर काही महिन्यांनी बदलायचे. मावशी दर वेळी पहिल्यापासून सुरू करायची.

एवढं सगळं तिने सोसलं ते एकाच आशेवर. तिला गोष्ट पुन्हा सुरू करायची होती. "पोरां असत ना हय, मगे झाला," ती म्हणायची. सुन्याने खालच्या मजल्यावरचा सोसायटीचा हॉल रविवारी संध्याकाळी तासभर मिळवून दिला, मी ग्रुपवर निरोप टाकला, आणि पहिल्या रविवारी चांगली दहा-बारा मुलं आली. मावशी ठेवणीतली साडी नेसून दारात उभी होती. मी मागे, तिच्यापेक्षा जास्त घाबरलेली.

पहिल्या मुलाला तिने विचारलं, "तुझं काय ते सांग." शाळेच्या भाषेत, मुलांना कळावं म्हणून. त्याने मोबाइलवर बघितलेली गंमत सांगितली, मांजर बादलीत पडतं आणि बादली डोक्यावर घेऊन पळतं. मावशी हसली, आत घेतलं. दुसरी मुलगी म्हणाली, मांजर बादलीत पडतं. तिसरा म्हणाला, मांजर. मावशी म्हणाली, "ते झालं. फक्त तुला दिसलेलं सांग." मुलं एकमेकांकडे बघायला लागली. त्यातला एक अगदी समजुतीने म्हणाला, "आजी, सगळ्यांना तेच दिसतं." मावशीने नियम मोडला नाही. आत घेतलेल्यालाही बाहेर बोलावून सगळ्यांना म्हणाली, जा, चक्कर मारून या, काहीतरी दिसेल. मुलं पळाली. आम्ही वाट बघत बसलो. कुणीच परत आलं नाही, लॉबीत गार हवेत बसून राहिली सगळी.

एकटी ईरा उंबऱ्याशी उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी. म्हणाली, "माझं पण मांजरच होतं." मावशीने तिला जवळ ओढलं. "खरा बोललंस. ह्या मात्र तुज्या एकटीचा. ये, बस." त्या दिवशी रिकाम्या हॉलमध्ये, रचलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांसमोर, तिने एका मुलीला पूर्ण सारखेनगर सांगितलं.

पुढच्या रविवारी चार मुलं आली, त्याच्या पुढच्या रविवारी सात. जमतंय असं वाटायला लागलं होतं. मग ग्रुपवर निरोप आला. कुणाचा तरी मुलगा कचऱ्याच्या गाडीला घाबरायला लागला होता. मुलांना सकारात्मक गोष्टी सांगाव्यात, असं पाठोपाठ बऱ्याच जणांनी लिहिलं, आणि नंतर नुसतेच अंगठे आले. मीटिंगमध्ये मी उभी राहिले. म्हटलं, मीही घाबरायचे, त्या भीतीनेच मला धीर दिला. हे वाक्य माझ्या मनात फार चांगलं होतं, तिथे कुणाला कळलं नाही. मी काय बोलतेय ते मलाच कळेना. हॉल अबॅकसच्या क्लासला गेला. बाहेर पडताना मी सुन्याला गाठलं. म्हटलं, "सुन्या, तुझी तिकिटं आठव रे. अण्णांचा सॅल्यूट आठव."

तो गोंधळला. "तिकीट? नाही गं, फुकट असायचं ना ते?" मग क्षणभर विचार करून म्हणाला, "आणि अण्णा कुठे मिलिटरीत होते?" खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच आठवत नव्हतं. सोसायटीचा मेंटेनन्स कुणी कधी भरला नाही, ते मात्र त्याला तारखांसकट पाठ आहे.

त्यानंतर मावशी फारशी खाली उतरली नाही. एका दुपारी मी तिच्याकडे बसले होते, इंटरकॉम वाजला. ती भिंतीला धरून उठली, रिसीव्हर कानाला लावला आणि म्हणाली, "हां, अकराशे चार." परत येऊन बसली, तांदूळ निवडायला लागली. तिने माझ्याकडे बघितलं नाही. मला तिला सांगायचं होतं की मावशी, असं नको गं म्हणूस. पण कुठल्या तोंडाने सांगणार?

ईरा मात्र शाळेतून आली की वर पळायची. एका संध्याकाळी मी तिला आणायला गेले तर मावशी पलंगावर पडून सांगत होती, "एक होतं शहर." ईरा म्हणाली, "आजी, असेल म्हण ना. तू चुकलीस." मावशी म्हणाली, "नाय गो बाय. आता असेल कसा म्हणू? झाला ना ता." मग तिने सांगितलं. एक होतं शहर. तिथे दारं दिवसभर उघडी होती. एका घरात कुळीथ शिजायचे तर शेजारी सुकट, आणि वास सगळ्यांचे. तिथे बाबूची आजी होती, दात न लावता शिव्या द्यायची. तिथे एक नारिंगी टाक्याचा मुलगा होता. एक जांभळ्या टाक्याची मुलगी होती, डावखुरी. ईरा डोळे मोठे करून ऐकत होती. मधेच म्हणाली, "दिवसभर उघडी? आणि चोर?" मावशी म्हणाली, "चोरीक काय होता बाय?" ईराने मान हलवली. "आजी, हे जरा जास्तच होतंय हं."

पावसाळा सरता सरता मावशीला परळच्या हॉस्पिटलात ठेवलं. वॉर्डमध्ये सगळ्या बायकांना एकाच फिकट हिरव्या कापडाचे गाऊन. माझ्याकडे बघून ती म्हणाली, "हय सगळीच सारखी. माका वळाखतली कशी?" मी दुसऱ्या दिवशी सुई आणि जांभळा दोरा घेऊन गेले. तिचा रंग कुठला ते आम्हाला कुणालाच कधी कळलं नव्हतं, तिने स्वतःसाठी टाका घातलाच नव्हता. मी माझाच दिला. ती कुशीवर वळली आणि मी डाव्या हाताने गाऊनच्या गळ्याला आतून एक टाका घातला. तिने बोटाने चाचपून बघितलं. "बरो पडलो," म्हणाली.

सकाळी गेले तर गाऊन बदललेला होता. रोज धुवायला जातात, सिस्टर म्हणाल्या, कुठला कुणाचा ते नसतं. मी पुन्हा टाका घातला. तिसऱ्या दिवशी पुन्हा. नंतर घालायची गरज राहिली नाही.

मुलाने फ्लॅट विकला. तोरण मी मागून घेतलं, आमच्या घरात आतल्या भिंतीला लावलंय, बाहेरून दिसत नाही.

परवा ईरा शेजारच्या दोन मैत्रिणींना घेऊन आली. म्हणाली, "मम्मी, मावशीआजीची गोष्ट सांग. आम्ही तिकीट आणलंय." तिघींनी तीन वेगळी तिकिटं सांगितली. मी त्यांना समोर बसवलं, मांडी घातली, आणि म्हटलं, "एक". आणि अडकले. पुढे 'होतं' म्हणायचं की 'असेल', ते मला ठरवता येईना. 'असेल' म्हणावं तर खोटं, 'होतं' म्हणावं तर सगळं संपलं. तिघी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. ईरा हळूच म्हणाली, "म्हण ना, मम्मी."

तेवढ्यात इंटरकॉम वाजला. मी उठले, रिसीव्हर उचलला आणि म्हटलं, "हां, नऊशे दोन."